‘डोकं दुखतंय’ म्हणणाऱ्या बायका



आमच्या आपट्याचं नाव काढलं की बाहेरगावची माणसं ठरलेले दोन प्रश्न विचारतात. दसऱ्याला सोनं म्हणून देतात त्या आपट्याशी गावाचा काही संबंध आहे का, हा एक. आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला तो गाडीचा शेवटचा प्रसंग तुमच्याच स्टेशनवर झाला ना, हा दुसरा. झाला खरा, आमच्याच स्टेशनवर. पण मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या फलाटावर पाट्या घेऊन पनवेलच्या बाजाराला निघालेल्या बायका दिसायच्या आणि पाळीवर जाणारे कामगार. सिनेमा नंतर आला.

मी इतिहासाची शिक्षिका. निवृत्त होईपर्यंत मुलांना लढाया आणि तह शिकवले. आज ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे त्याचं एकही पान आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हतं. निमित्त असं झालं की नैराश्य, म्हणजे ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, त्याबद्दल मी मागे एकदा इथेच बोलले होते. दुसऱ्या दिवशी एक बाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, “बाई, हे मोठ्या लोकांचं दुखणं. आम्हाला उदास व्हायला वेळ कुठे आहे?” हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. मी नुसती हसले. खरं तर तिला उत्तर द्यायला हवं होतं. ते आज देते.

आधी माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. दुपारची भांडी झाली की त्या कपाळाला फडकं आवळून बांधायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. “डोकं दुखतंय.” बस, एवढंच. सुंठ उगाळून झाली, बाम झाला, पनवेलच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, एकदा नजर उतरवून झाली. पुढे पुढे घरात कुणी त्याकडे लक्षही देईना. पाणी आलं का, दूधवाला आला का, तसं ‘आज आईंचं डोकं कसं आहे’. ते कधीपासून दुखतंय, हे मात्र मीही त्यांना कधी विचारलं नाही. त्या गेल्यावर थोरल्या नणंदेने सांगितलं तेव्हा कळलं. त्यांची दोन मुलं लहानपणीच गेली होती, पाठोपाठ. मग भाऊबंदकीत शेत गेलं. तरी त्या उभ्या होत्या. नदीवर धुणं धुताना त्यांची एक मैत्रीण असायची, तिच्याशी तासभर बोलणं व्हायचं. ती मुलाकडे मुंबईला गेली, घरात नळ आला, आणि पाताळगंगेवर जायचं कारणच उरलं नाही. नणंद म्हणाली, “तेव्हापासून आईचं डोकं.”

ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण परत येऊ.

आपल्या भागात मनाच्या आजाराचा सरकारी इतिहास वेड्यांच्या इस्पितळापासून सुरू होतो. रत्नागिरीचं इस्पितळ १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. तिथे कोण जायचं? जो आरडाओरडा करतो, अंगावर धावून जातो, रस्त्यावर भटकतो तो. १९१२च्या कायद्याचं नावच ‘लुनसी ॲक्ट’ होतं, आणि त्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाला मोठी जागा होती. म्हणजे आजारी माणसाला किती त्रास होतो यापेक्षा त्याचा इतरांना किती त्रास होतो, यावर सगळा हिशेब. चुलीपुढे बसून गप्प रडणारी बाई कुणालाच त्रास देत नव्हती, त्यामुळे ती कुठल्या दप्तरात आली नाही. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ साली मनाच्या आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग निघाला, ही मोठीच गोष्ट होती. पण स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीने मोजलं तेव्हा सगळ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. चाळीस हजार माणसांमागे एक. अशा वेळी उदास बाईचं नाव कोण काढणार? आणि त्यातूनच एक समजूत रुजली: आपल्याकडची गरीब माणसं सोशिक, त्यांना हे आजार होत नाहीत. मोजलं नाही म्हणून दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून नाहीच, असा हा न्याय.

तर घरात जाऊन, माणसाची कमाई आणि त्याचं मन शेजारी शेजारी ठेवून पाहिलं कुणी? अशा कामांपैकी मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ऑस्ट्रियामधलं. इतक्या लांब तुम्हाला नेते आहे, पण त्याचं कारण लगेच कळेल.

व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक छोटं गाव होतं. गावात एकच कापडगिरणी, आणि सगळं गाव तिच्यावर जगणारं. १९२९-३०च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा नावाची एक तरुणी, पंचविशीच्या आतबाहेरची, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या सोबत्यांबरोबर तिथे अभ्यासाला गेली. गावात ४७८ कुटुंबं होती. या मंडळींनी नुसते प्रश्न विचारले नाहीत. गावकऱ्यांना कपडे मिळवून दिले, दवाखान्याची सोय केली, शिवणवर्ग काढला, आणि त्या निमित्ताने घराघरात गेली. मुलांच्या शाळेच्या डब्यात बेकारभत्त्याच्या आदल्या दिवशी काय असतं आणि दुसऱ्या दिवशी काय, हे पाहिलं. ग्रंथालयातून किती पुस्तकं जातात ते मोजलं. आता तुम्ही म्हणाल, बेकार माणसाला वेळच वेळ, तो जास्त वाचेल. उलट झालं होतं. वर्गणी बंद केली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं. एका खिडकीआड उभं राहून त्यांनी गावच्या मुख्य रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात हेसुद्धा मोजलं. पुरुष रेंगाळत, थांबत, पुन्हा थांबत चालायचे. बायकांचे पाय मात्र तसे रेंगाळत नव्हते. त्यांची गिरणी बंद पडली होती, चूल नाही.

आणि मग त्यांनी केलेला एक हिशेब आहे, जो मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कुटुंबांचे त्यांनी चार गट केले. अजून न मोडलेली, हताश होऊन निमूट जगणारी, निराशेत बुडालेली, आणि कशाचंच काही न वाटणारी. मग प्रत्येक गटाची माणशी महिन्याची मिळकत काढली. न मोडलेल्यांची ३४ शिलिंग. निमूट जगणाऱ्यांची ३०. निराश झालेल्यांची २५. काहीच न वाटणाऱ्यांची १९. म्हणजे चार-पाच शिलिंगांची एकेक पायरी, आणि पायरीपायरीने मन खाली. १९३३ साली हे छापून आलं. पुढे ऑस्ट्रियातल्या हुकूमशाहीने याहोडाबाईंना तुरुंगात टाकलं, आणि त्यांना देश सोडून इंग्लंडला जावं लागलं.

ही गोष्ट मला जवळची का, ते आता सांगायला नको. आमच्या शेजारची रसायनी. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६०ची. तिच्या आणि आसपासच्या कारखान्यांच्या पगारावर या पट्ट्यातल्या किती घरांवर स्लॅब पडला, किती मुलींची लग्नं झाली, ते आपल्याला माहीत आहे. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. एक विभाग तेवढा इस्रोकडे गेला. मी मारिएन्थालसारखं घड्याळ घेऊन खिडकीत उभी राहिले नाही. पण त्यानंतर आमच्या आळीतले दोन पुरुष रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनाकडे जायचे आणि तासाभराने परत यायचे. त्यांच्या बायका तोवर दोन घरची धुणीभांडी करून आलेल्या असायच्या.

पण नुसत्या पैशाने सगळं उलगडत नाही. तसं असतं तर एकाच चाळीतल्या, एकाच पगाराच्या दोन घरांतल्या बायका सारख्याच उदास असत्या. तशा त्या नसतात. एक उभी राहते, एक कोसळते. का?

याचं उत्तर शोधायला जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या दोघांनी लंडनच्या दक्षिणेचा कॅम्बरवेल हा भाग निवडला. दवाखान्यात आलेल्या बायका तर त्यांनी पाहिल्याच, पण दवाखान्याची पायरी न चढलेल्या, तिथेच राहणाऱ्या ४५८ बायकांशीही घरी बसून सविस्तर बोलणं केलं. त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. त्यात दिसलं ते असं: घरात लहान मुलं असलेल्या बायकांमध्ये कामगार घरांतल्यांना नैराश्य मध्यमवर्गीय घरांतल्यांच्या साधारण चौपट. संकटंही त्यांच्या वाट्याला जास्त येत होती: घर खाली करण्याची नोटीस, नवऱ्याची गेलेली नोकरी, तुरुंगात गेलेला मुलगा. पण संकट आलेली प्रत्येक बाई आजारी पडत नव्हती. आजारी पडणाऱ्यांमध्ये चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. आई अकरा वर्षांची होण्याआधी गेलेली. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं. घराबाहेर काही काम नाही. आणि जिच्याजवळ किंवा ज्याच्याजवळ मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नाही.

शेवटची गोष्ट त्यांनी प्रामुख्याने नवऱ्याच्या बाबतीत तपासली होती. लंडनमधली घरं ती, दोघंच राहणारी. आपल्याकडे मला वाटतं ती जागा पुष्कळदा बहिणीची असते, नदीवरच्या मैत्रिणीची असते, कधी शेजारच्या जावेची. नवऱ्याजवळ मन मोकळं करणारी बाई आमच्या सासूबाईंच्या पिढीत मी तरी पाहिली नाही. पण जागा रिकामी झाली की काय होतं, ते आमच्या घरातच झालं होतं. कॅम्बरवेलचं ते पान वाचताना मला सासूबाईंच्या कपाळावरचं फडकं दिसत होतं.

‘लंडनचं आम्हाला काय सांगता’ असं कुणी म्हणेल. तर आता आपल्या शेजारी येऊ. गोव्यात.

गोव्यात १९९६ साली ‘संगाथ’ नावाची संस्था सुरू झाली. मुंबईत वाढलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांपासून सुरुवात केली. खोकला, अंगदुखी, थकवा घेऊन येणारी माणसं. त्यांना मनाचं विचारलं तर कितीतरी जण आतून खचलेले निघाले, आणि त्यांत बायका, कर्जबाजारी आणि पुरेसं खायला नसलेले जास्त. १९९९ साली भारत, झिम्बाब्वे, चिली आणि ब्राझील अशा चार देशांच्या अभ्यासांची तुलना छापली गेली. चार देश, चार भाषा, आणि तरी बाई असणं, शिक्षण कमी असणं आणि गरिबी यांचा नैराश्याशी असलेला संबंध सगळीकडे दिसत होता.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते गोव्यातल्या बाळंतिणींबद्दल. हा अभ्यास २००२ साली छापला गेला. एका जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या, दिवस भरत आलेल्या २७० बायकांशी बोलणं झालं. मग बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मोजतात. तेल लावणं, शेक, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, सगळं त्या सव्वा महिन्यात. त्यानंतर ती ‘सुटली’ असं आपण धरतो. बरोबर त्या वेळी, सव्वा महिना उलटल्यावर, या बायकांना विचारलं, तर ५९ जणींना नैराश्य होतं. शंभरात २३. आणि त्यांतल्या ७८ टक्के बायका बाळंतपणाच्या आधीपासूनच मनाने आजारी होत्या. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर निम्म्यापेक्षा जास्त तशाच.

कोण आजारी पडत होतं, आणि कुणाचं दुखणं लांबत होतं? ज्यांच्या घरी पैशाची ओढ होती आणि ज्यांचं नवऱ्याशी पटत नव्हतं, त्यांचं. आणि आणखी एक. बाळ मुलगा की मुलगी, याने फरक पडत होता. नवऱ्याची मारहाण किंवा पोटभर न मिळणं, हे भार मुलगी झालेल्या बाईवर वेगळ्या वजनाने पडत होते. आता यात आजार त्या बाईच्या मेंदूत किती आणि तिच्या घरात किती, हे तुम्हीच सांगा. मुलगी झाल्यावर आपल्याकडे ‘पहिली बेटी धनाची पेटी’ म्हणतात ना, ते कोणत्या आवाजात म्हणतात ते ऐका कधी.

पुढच्या एका अभ्यासाबद्दल बोलताना मला थोडा संकोच होतो, पण हा कार्यक्रम बायकांचा आहे, तर बोलते. अंगावरून पांढरं जातं ही तक्रार. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून जगाला दाखवून दिलं की शंभरातल्या ९२ बायकांना अंगाच्या आतले आजार आहेत आणि त्यांच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. तो अभ्यास गाजला आणि गाजायलाच हवा होता. त्यानंतर गोव्यात अडीच हजारांच्या आसपास बायकांना हीच तक्रार विचारली गेली, शरीराची तपासणी झाली, आणि मनाचीही. २००५ साली निष्कर्ष आला: ज्या बायका ही तक्रार सांगतात, त्यांतल्या पुष्कळ जणींना जंतुसंसर्ग नव्हता, आणि तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी, घरातल्या परिस्थितीशी घट्ट होतं. दोन्ही खरं आहे. काही बायकांना आतून आजार असतो आणि काही बायकांचं मन अंगावाटे बोलत असतं, म्हणून तपासणीही हवी आणि विचारपूसही. नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवलं की दोघींचंही नुकसान.

डोकं दुखतं, कंबर धरते, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, पांढरं जातं. ‘मी उदास आहे’ असं म्हणायला वेळ लागतो, धीर लागतो, आणि ऐकून घेणारं माणूस लागतं. डोकं दुखतंय म्हणायला यातलं काहीच लागत नाही. दुखणं कुणी नाकारत नाही. उदासपणाला मात्र लगेच ‘सुख टोचतंय’ म्हणतात.

आता आजार किती खोल आहे हे मोजतात कसं? १९६० साली मॅक्स हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने इस्पितळातल्या रोग्यांसाठी एक मोजपट्टी केली होती. ती डॉक्टरच्या हातातली. पुढे शतक संपता संपता नऊ प्रश्नांची साधी यादी आली, पीएचक्यू-नऊ नावाची, जी आता गावच्या आरोग्य केंद्रातही वापरता येते. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं का, झोप, भूक, थकवा, आपण नालायक आहोत असं वाटणं, जीव नकोसा होणं, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, वीसच्या वर म्हणजे आजार गंभीर. यादी उपयोगाची आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट पाहा, तिच्यात दुखण्याचा प्रश्नच नाही. ना डोकं, ना कंबर. माझ्या सासूबाईंना ही यादी कुणी वाचून दाखवली असती, तर त्यांनी पहिल्या प्रश्नाला “मन लागायला काय झालंय, कामं कोण करणार?” असं म्हटलं असतं आणि गुण शून्य. म्हणून यादी हातात घेणारी बाई आधी डोकेदुखीचं ऐकून घेणारी असावी लागते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, कारण इतिहासाच्या तासाला मी मुलांना नेहमी दुसरी बाजू विचारायचे. २००३ साली डॉ. पटेल आणि आर्थर क्लाइनमन यांनी सहा देशांतले अकरा अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. बहुतेकांत गरिबीचा संबंध दिसला, पण सगळ्यात पक्का संबंध निघाला तो कमी शिक्षणाशी. आणि २००७ साली अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने भारतासह पाच देशांत घराचा खर्च मोजून पाहिला, तर खर्चाचा आणि उदासपणाचा संबंध फारसा सापडेना! सापडला तो बाई असण्याशी, वय झालेलं असण्याशी, विधवा असण्याशी आणि तब्येत खालावलेली असण्याशी. मला यात विरोध दिसत नाही. घरात महिन्याला किती खर्च होतो यावरून त्या घरातल्या बाईच्या हातात किती आहे हे कळत नाही. आपल्या पनवेल तालुक्यात जमिनीचे पैसे आलेली घरं तुम्ही पाहिली आहेत. दारात गाडी उभी, आणि त्याच घरातली म्हातारी औषधाचे पैसे सुनेकडे मागायला कचरते. त्या दोघा अभ्यासकांनी पैशाच्या कमतरतेपेक्षा उद्याची शाश्वती नसणं, आशा संपणं, झपाट्याने बदलणारं आसपास आणि मारहाणीची भीती यांच्याकडे बोट दाखवलं होतं. मला ते जास्त पटतं. शिवाय चाक उलटंही फिरतं. आजारी बाई कामावर जात नाही, खाडे होतात, डॉक्टर बदलले जातात, देवऋषी होतो, आणि घर आणखी खाली जातं.

आता गवताच्या भाऱ्याखालच्या त्या बाईच्या म्हणण्याकडे येते. उदास व्हायला वेळ कुठे आहे? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशाची मोठी पाहणी केली. बारा राज्यांत, आपला महाराष्ट्र त्यांत नव्हता. तिथे आढळलं की वीसातल्या एका माणसाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं, आणि नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळालेले नव्हते. मोठ्या लोकांचं दुखणं असं जे वाटतं, ते बहुधा यामुळे. मोठ्या लोकांना त्याचं नाव मिळतं, डॉक्टर मिळतो. बाकीच्यांना फडकं मिळतं.

मग करायचं काय? सगळ्यांची गरिबी आधी मिटवा, मग मन बरं होईल, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. गोव्यात हेही करून पाहिलं गेलं. आसपासच्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. आधी एक मोठा प्रयोग झाला, बारा सरकारी आणि बारा खासगी दवाखान्यांत. सरकारी दवाखान्यांत येणारे रोगी त्याने जास्त बरे झाले. खासगीत मात्र फरक पडला नाही. मग दुसरा, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ४९५ रोग्यांवर, आणि हे रोगी हलक्या उदासपणाचे नव्हते, त्या नऊ प्रश्नांत त्यांचे गुण चौदाच्या वर होते. सहा ते आठ बैठका. काय करायचं बैठकीत? सुटून गेलेली कामं, सुटून गेलेली माणसं एकेक करून पुन्हा धरायची. आज देवळापर्यंत जायचं, उद्या बहिणीला फोन. २०१७ साली निकाल आला. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवरचे शंभरातले ३९ जण आजारातून बाहेर आले होते, आणि या बैठका मिळालेले ६४.

त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांचं काम छापून आलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा तो पट्टा. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ नावाने ते केलं होतं. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलायच्या, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे न्यायच्या. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते २७ झाले. अजून ७३ बाहेरच, हे खरं. पण चारावरून सत्तावीस, आणि तेही विदर्भाच्या खेड्यांत.

आजार खोल असेल तर गोळ्या लागतात, हे मी टाळत नाही. झोप उडाली, खाणं सुटलं, जीव नकोसा वाटतो असं कुणी म्हणालं, तर तिला एकटीला सोडू नका आणि डॉक्टरकडे न्यायला लाजू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेली-मानस सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या, एक-चार-चार-एक-सहा. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या कडेला लिहा, म्हणजे विचारायला येणाऱ्या शेजारणीलाही दिसेल.

परवा मी आमच्या आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बसले होते, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला. शेजारी वाडीवरची एक बाई, कडेवर पोर. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांतली. मी विचारलं काय होतंय. म्हणाली, डोकं दुखतंय. मी विचारलं, कधीपासून? तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पोर मांडीवर घेतलं, आणि सांगायला लागली. आतून तिचा नंबर पुकारला गेला तेव्हा ती अजून गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंतच आली होती. मी म्हटलं, तू जाऊन ये, मी इथेच बसते.